हलबजाच्या वाटेवर

बगदादच्या जियारती आटोपल्या. गौसे आझम (रह.) यांच्या दर्ग्यावर फातेहा झाली, आझमियात इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मजारीवर हजेरी लागली. आमच्या काफिल्यातली बाकीची मंडळी खजूर आणि तसबीह बांधून परतीच्या विमानाकडे निघाली. आम्ही तिघे मात्र उत्तरेला, कुर्दांच्या मुलखाकडे वळलो. तिघे म्हणजे आम्ही दोघे मियाँ-बीवी आणि आमचा भाचा.

हलबजाला जायचे हे भाच्यानेच ठरवले होते. चिपळूणला घरी नकाशा उघडून त्याने बोट ठेवले होते. म्हणाला होता, "मामू, मामी, एवढ्या लांब जातोच आहोत तर इथेही जाऊ. माझ्या नावाच्या माणसाने तिथे काय केले, ते मला एकदा डोळ्यांनी बघायचे आहे."

भाच्याचे नाव सद्दाम हुसेन. जन्म फेब्रुवारी १९९१. तेव्हा आखाती युद्ध ऐन भरात होते. आमच्या मोहल्ल्यात पानटपरीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सद्दामची तसबीर लागली होती. अमेरिकेपुढे छाती काढून उभा राहणारा मर्द, एवढीच त्याची ओळख आम्हाला होती. भाच्याच्या अब्बांनी मोठ्या हौसेने नाव ठेवले आणि आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. हे लिहिताना संकोच वाटतो. पण हे लपवले तर पुढचे लिहिण्यात काही अर्थ उरत नाही.

सुलेमानियाहून हलबजा साधारण ८० किलोमीटर. आमचा गाडीवाला साठी ओलांडलेला गृहस्थ होता. कुर्दी भाषेत मोठ्या भावाला, आणि आदराने कुठल्याही पुरुषाला, 'काक' म्हणतात. आमच्या तोंडी त्याचे लगेच 'काका' झाले. काकांना अरबी येत होती आणि भाच्याने आठ वर्षे सौदीत नोकरी केलेली, त्यामुळे बोलणे अडले नाही. ऑक्टोबर महिना होता. शहरजूरच्या सपाट मैदानात गव्हाची रिकामी शेते पसरली होती. समोर हवरामानचे डोंगर, त्यांच्या पलीकडे इराण. रस्त्याच्या कडेला डाळिंबांचे ढीग मांडून बायका-मुले बसली होती. सांगोल्याच्या बाजाराची आठवण व्हावी असे टपोरे, लालभडक डाळिंब. हलबजाचे डाळिंब त्या मुलखात नावाजलेले आहे.

वाटेत सुरक्षा पोलिसांची चौकी लागली. तरुण शिपायाने पासपोर्ट चाळले. तिसऱ्या पासपोर्टाशी त्याचा हात थांबला. त्याने आत जाऊन साहेबाला बोलावून आणले. साहेबाने पासपोर्ट पाहिला, भाच्याकडे पाहिले आणि अरबीत विचारले, "हे नाव कोणी ठेवले?"

"अब्बांनी," भाचा म्हणाला. "मी तेव्हा सात दिवसांचा होतो."

साहेब हसला नाही, रागावलाही नाही. पासपोर्ट परत देताना काकांशी कुर्दीत दोन शब्द बोलला. गाडी पुढे गेल्यावर आम्ही विचारले तेव्हा काका म्हणाले, "साहेब सांगत होता, तिथे म्हाताऱ्या बायका असतात. त्यांच्यासमोर पोराला नावाने हाक मारू नका."

त्यानंतर बराच वेळ गाडीत कोणी बोलले नाही.

हा मुलूख आपल्याला वाटतो तितका परका नाही. कुर्द बहुतेक सुन्नी, आणि आम्हा कोकणी मुसलमानांसारखेच शाफई. याच भागातले मौलाना खालिद १८०९ साली इथून निघून दिल्लीला गेले, शाह गुलाम अली (रह.) यांच्या खानकाहीत राहिले आणि नक्शबंदी सिलसिला घेऊन परतले. हलबजाजवळच्या तवेला आणि बियारा या गावांत त्यांच्या सिलसिल्याच्या खानकाही उभ्या राहिल्या. शंभर वर्षांपूर्वी हलबजाचा कारभार आदिला खानम नावाची एक बाई पाहत होती. इंग्रजांनी तिला 'खानबहादूर' हा किताब दिला होता. आपल्याकडच्या जुन्या घराण्यांत जो किताब पुरुषांच्या नावामागे असायचा, तो तिथे एका बाईच्या नावामागे लागला. कुर्दी कवितेला नवे वळण देणारा कवी गोरान याच गावचा. असे हे बागांचे, खानकाहींचे आणि शायरांचे गाव.

गावात शिरताना स्मारक दिसते. वर उचललेल्या हातांसारखे खांब, मध्ये गोल दालन. दारापाशी एका पुरुषाचा पुतळा आहे. तो उंबऱ्याशी पालथा पडला आहे आणि त्याच्या कुशीत तान्हे मूल आहे. हे शिल्पकाराच्या मनातले दृश्य नव्हे. त्या दिवसानंतर गावात आलेल्या छायाचित्रकारांनी टिपलेल्या एका फोटोवरून ते घडवले आहे.

तो दिवस १६ मार्च १९८८. हिजरी १४०८ चा रजब महिना सरत आला होता आणि पाच दिवसांवर नवरोज होता. इराण-इराक युद्धाचे ते आठवे वर्ष. आदल्या दिवशी इराणी फौज आणि कुर्दी पेशमर्गा गावात शिरले होते. इराकी विमानांनी आधी साधे बॉम्ब टाकले. लोक जीव वाचवायला तळघरांत उतरले. मग रासायनिक बॉम्ब आले. तो वायू हवेपेक्षा जड, तो खाली तळघरांतच साचला. वाचलेले लोक सांगतात की आधी सफरचंदासारखा गोड वास आला. मस्टर्ड वायू होता, आणि मज्जातंतू बंद पाडणारे सरिन व ताबुनही. मेलेल्यांचा आकडा ३,२०० ते ५,००० असा सांगितला जातो, जखमी ७,००० ते १०,०००. मारणारी फौज त्यांच्याच देशाची. मरणाऱ्यांत मोठा भाग बायकांचा आणि मुलांचा. पळापळीत आईबापांपासून तुटलेली काही मुले इराणात वाढली. त्यांतली काही वीस-पंचवीस वर्षांनी रक्ताच्या तपासणीवरून आपल्या घरी पोहोचली.

काका त्या दिवशी पंचविशीत होते. आईला पाठीवर घेऊन डोंगर चढले. धाकटी बहीण वाटेतच गेली. एवढेच त्यांनी सांगितले आणि आम्ही पुढे विचारले नाही.

गोल दालनाच्या भिंतींवर नावे कोरली आहेत. एकाच कुटुंबाची नावे एकाखाली एक. भाचा वाचत राहिला. फातिमा, मुहम्मद, आयशा, अली, मरियम. आपल्या घरातलीच नावे. त्याच वर्षी कुर्दांची हजारो गावे उजाड करणारी जी मोहीम चालली, तिला हुकूमतीने नाव दिले होते 'अन्फाल'. कुरआनातल्या आठव्या सूरहचे नाव. ज्या दीनमध्ये हजरत अबू बक्र (रजि.) यांनी फौजेला निघताना बायका, मुले, म्हातारे यांना हात लावू नका, फळझाडे तोडू नका अशी ताकीद दिली, त्याच दीनचा शब्द या कामावर डकवला गेला.

आम्हाला तिथे पडलेला प्रश्न असा : जगाने तेव्हा काय केले? जगाला काही कळलेच नाही, असे झाले नव्हते. संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ १९८४ पासून रासायनिक हल्ल्यांचे अहवाल देत होते. १९२५ च्या जिनिव्हा कराराने युद्धात विषारी वायू वापरायला बंदी केली होती आणि इराकने त्या करारात १९३१ सालीच भाग घेतला होता. पण त्या करारात एक मोठी फट होती. वापरू नका एवढेच त्यात होते. बनवू नका, साठवू नका असे नव्हते, आणि तपासायला कोणी नव्हते.

हलबजानंतर निषेध झाले. ९ मे १९८८ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६१२ केला. त्यात रासायनिक अस्त्रांच्या वापराची कडक निंदा होती आणि दोन्ही बाजूंनी ती वापरू नयेत अशी अपेक्षा होती. कोणी वापरली, ते नाव नव्हते. अमेरिकेच्या सिनेटने जूनमध्ये इराकचा निषेध केला. ऑगस्टमध्ये युद्ध थांबले, तरी कुर्दांच्या गावांवर वायूचे हल्ले सुरूच राहिले आणि हजारो लोक तुर्कस्तानात पळाले. तेव्हा ९ सप्टेंबरला सिनेटने इराकवर आर्थिक निर्बंध घालणारे विधेयक एकमताने संमत केले. पण सरकारने त्याला विरोध केला, दुसऱ्या सभागृहात ते पातळ झाले आणि शेवटी त्याचा कायदा झालाच नाही. इराकला मिळणारे अमेरिकी धान्याचे कर्ज चालूच राहिले. जानेवारी १९८९ मध्ये पॅरिसला १४९ देश जमले. जाहीरनामा निघाला, पण त्यातही इराकचे नाव नव्हते.

हे सारे इतरांचे झाले. आता आपले. हलबजानंतर पाच दिवसांनी, २१ मार्चला, अम्मानमध्ये इस्लामी देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांची परिषद सुरू झाली. ही परिषद आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे, फक्त नावाने माहीत नाही. दर दहा लाख मुसलमानांमागे एक हजार हाजी, हा हजचा कोटा याच परिषदेत ठरला. दरवर्षी आपण हजचा फॉर्म भरतो, नंबर लागतो की नाही याची वाट पाहतो, ती मोजणी तिथली. हलबजाच्या कबरींची माती तेव्हा ओलीच होती. तरी इराकचे नाव घेऊन निषेध त्या परिषदेतून निघाला नाही. आणि तीन वर्षांनी आपल्या मोहल्ल्यात त्याच माणसाच्या तसबिरी लागल्या. बातमी आपल्यापर्यंत आली नव्हती असे आता कसे म्हणायचे? आली होती. आपण ती वाचली नाही, किंवा वाचून शत्रूचा प्रचार म्हणून बाजूला ठेवली.

वाईट दिसले तर हाताने थांबवावे, ते जमले नाही तर जिभेने, तेही जमले नाही तर निदान दिलात वाईट मानावे, ही हदीस आपण मुलांना शिकवतो. स्मारकात उभे राहून वाटले, जिभेने थांबवायचे म्हणजे जुलूम करणाऱ्याचे नाव घेणे. 'दोन्ही बाजूंनी संयम राखावा' असे म्हटले की जीभ हलते, पण जालिमाला काहीच ऐकू जात नाही.

जिभेनंतर हाताचेही काम झाले, पण उशिरा. जिनिव्हात वर्षानुवर्षे अडकलेल्या वाटाघाटी पुढे सरकल्या आणि १३ जानेवारी १९९३ पासून पॅरिसमध्ये नव्या करारावर सह्या सुरू झाल्या. २९ एप्रिल १९९७ रोजी तो अमलात आला. जुन्या कराराची फट यात बुजवली. रासायनिक अस्त्रे वापरणेच नव्हे, तर बनवणे आणि साठवणेही बंद. आहेत ती तपासनीसांच्या डोळ्यांसमोर नष्ट करायची. नेदरलँड्समधल्या हेग शहरात यासाठी कायमची संघटना बसली. तिच्या तपासनीसांना कारखान्यात जाऊन पाहण्याचा अधिकार आहे. आज १९३ देश या करारात आहेत, इराकही २००९ पासून आहे. जाहीर झालेला शेवटचा साठा अमेरिकेने जुलै २०२३ मध्ये नष्ट केला. तरीही सीरियाने करारात राहून आपल्याच लोकांवर वायू सोडला. करार झाला म्हणजे जुलूम संपला असे नाही. पण आता तपासणारे आहेत, आणि कोणी केले ते नाव घेऊन सांगणारा अहवाल निघू शकतो. १९८८ मध्ये हेच नव्हते.

आपला देश या करारात पहिल्यांदा सह्या करणाऱ्यांत होता. भारताने आपल्याकडचा साठा स्वतःहून जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो पूर्ण नष्ट केला. २००० साली संसदेने यासाठी वेगळा कायदा केला. लोटे, महाड, तळोज्याच्या रासायनिक वसाहतींत आपली कितीतरी मुले नोकरीला आहेत. करारातल्या यादीत येणारे रसायन ज्या कारखान्यात असते, त्याला त्याचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. हे कटकटीचे वाटते, पण त्यामागे हलबजा आहे. मस्टर्ड वायूला लागणारे एक रसायन शाई आणि कापडाच्या रंगकामातही वापरले जाते. तेच शेकडो टनांनी इराकला विकणाऱ्या फ्रान्स फान आनराट या डच व्यापाऱ्याला हेगच्या न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये युद्धगुन्ह्यातला साथीदार ठरवून १५ वर्षांची शिक्षा दिली. अपिलात ती वाढली. नुसता माल विकला, पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक नाही, ही सबब चालली नाही.

स्मारकाच्या एका काचेच्या पेटीत एक दोर आणि एक लेखणी ठेवली आहे. या हल्ल्याचा मुख्य सूत्रधार अली हसन अल-मजीद याला जानेवारी २०१० मध्ये फाशी झाली, तो हा दोर. त्याच्या शिक्षेवर सही झाली, ती ही लेखणी. त्यानंतर मार्च २०१० मध्ये इराकच्या न्यायालयाने हलबजाला वंशसंहार म्हटले. स्वीडनच्या संसदेने २०१२ मध्ये आणि ब्रिटनच्या संसदेने २०१३ मध्ये कुर्दांवरच्या या अत्याचारांना तेच नाव दिले. पंचवीस वर्षांनी का होईना, नाव दिले.

खुद्द सद्दाम मात्र या खटल्यापर्यंत पोहोचलाच नाही. दुजैल गावातल्या १४८ माणसांच्या खुनासाठी ३० डिसेंबर २००६ रोजी त्याला फाशी झाली. आपल्याकडे तेव्हा एकच चर्चा होती, बकरी ईदच्या सकाळी फाशी दिली म्हणून. ते वाईट होतेच. पण काकांचा सल वेगळा होता. "त्याने आमच्यासमोर उभे राहून ऐकायला हवे होते," ते म्हणाले. "एकेक नाव. सगळी नावे वाचायला किती दिवस लागले असते, तेवढे दिवस."

आम्ही विचारले, निदान आता तरी लोक समाधानी आहेत का? काकांनी दालनाच्या छताकडे बोट दाखवले. हे स्मारक २००३ मध्ये उघडले आणि २००६ च्या बरसीच्या दिवशी हलबजाच्याच तरुणांनी ते पेटवून दिले. एक मुलगा गोळी लागून मेला. दरवर्षी पुढारी यायचे, फुले वाहायचे, भाषणे करून जायचे. गावात धड रस्ता नव्हता, पाणी नव्हते, वायूने फुफ्फुसे जळालेल्यांना दवा नव्हती. स्मारक पुन्हा दुरुस्त झाले. एप्रिल २०२५ मध्ये इराकच्या संसदेने हलबजाला देशाचा एकोणिसावा प्रांत केले. पण त्या दिवसाचे खोकणारे रुग्ण अजून आहेत आणि इलाजासाठी अजून लांब जातात. निषेधाचा ठराव असो की स्मारकाचा दगड, त्याच्यामागे काम नसेल तर ज्याच्यावर बेतले त्यालाच त्याची चीड येते.

जोहरची नमाज गावातल्या मशिदीत पढलो. शेजारच्या म्हाताऱ्याने मुसाफहा केला आणि हिंदुस्तानचे म्हटल्यावर चहाला थांबवून घेतले. छोट्या काचेच्या पेल्यात काळा चहा, तळाशी दोन बोटे साखर. श्वास घेताना त्याच्या छातीत शिट्टी वाजत होती.

तिथून कब्रस्तानात गेलो. पांढऱ्या दगडांच्या ओळीच ओळी. फाटकापाशी एक पाटी आहे : बाथ पक्षाच्या माणसांना आत प्रवेश नाही. भाच्याने पाटी वाचली आणि तो बाहेरच थांबला. आम्ही आत या म्हटले तरी हलेना. त्याला जे वाटत होते ते आम्हाला कळत होते, पण काय बोलावे ते कळत नव्हते. शेवटी काका मागे फिरले, त्याचा दंड धरला आणि त्याला आत घेऊन आले. फातेहा आम्ही चौघांनी मिळून पढली. एका ढिगाखाली किती माणसे आहेत ते काकांनाही माहीत नव्हते. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

परतताना काकांनी गाडी थांबवून डाळिंबे घेतली. दाणे सोलता सोलता भाच्याने विचारले, "काका, मी नाव बदलून टाकू का?"

काका थोडा वेळ रस्ता बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या बापाने ते न कळता ठेवले. तुला आता कळले आहे. बदल किंवा ठेव, ते तुझे तू बघ. पण कोणी विचारले की हे नाव कुठून आले, तर हलबजापर्यंत सगळे सांग. अर्धे सांगू नको."

रात्री सुलेमानियाच्या हॉटेलातून भाच्याने चिपळूणला फोन लावला. पलीकडून त्याच्या अब्बांचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "बेटा, गौसे पाकच्या दरबारात माझा सलाम सांगितलास ना? फातेहा दिलीस ना?"

"दिली, अब्बा," तो म्हणाला. "आज आणखी एका ठिकाणी दिली. तुम्ही जरा बसून घ्या, सांगतो."

मग तो खिडकीपाशी गेला आणि सांगू लागला. फोन बराच वेळ चालला.